गोजरबाई सरळ विचारायची

बांधकाम मजुरांच्या संघटनेवर कुणी लिहायला बसलं की मोर्चे येतात, घेराव येतात, हार घातलेले पुढारी येतात. मीही आहे त्यातल्या काही फोटोंत, नाही कशाला म्हणू? पण अंबरनाथ ते बदलापूर ह्या पट्ट्यात जिनं माणसं मरणाच्या तोंडातून मागे ओढली, त्या बाईचा एक फोटो कुणाकडे नाही. म्हणून मी लिहितोय. माझी भाषा ज्याला खटकेल त्यानं खुशाल दुसरं काही वाचावं.

गोजरबाई करमाळ्याकडची. नवरा महिपती याच्याबरोबर अंबरनाथला आली तेव्हा तिचं पहिलं पोर कडेवर होतं. महिपतीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमनची नोकरी लागली, आणि गोजरबाई बिगारी झाली. उंच, हाडाची, दातांना मिश्री, कपाळावर गोंदण. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाला ती खालून हाक मारायची आणि चौथ्या मजल्यावरचा ओ द्यायचा.

स्लॅब टाकताना ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळात आमच्याकडे माल वर चढायचा तो माणसांच्या हातांनी. मिक्सरपासून शिडीपर्यंत, शिडीवरून वर, बायाबापड्यांची साखळी. भरलेलं घमेलं ह्या हातातून त्या हातात. एकदा सुरू झालं की थांबायचं नाही, कारण अर्धवट टाकलेला स्लॅब पुढे जन्मभर गळतो. ह्या साखळीत सगळ्यात अवघड जागा शिडीच्या पायथ्याची. खालून आलेलं घमेलं कमरेपासून डोक्याच्या वर उचलून द्यायचं, दिवसभर. ती जागा गोजरबाईची. तिथं उभी राहून ती शिव्या द्यायची, गाणी म्हणायची आणि सगळ्यांची तोंडं बघायची. शिडी चढणारा प्रत्येक माणूस तिच्या समोरून जायचा ना!

तिचा धाकटा भाऊ धर्मराज सेंटरिंगच्या, म्हणजे स्लॅबखाली फळ्या-टेकू ठोकायच्या कामाला होता, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायचा. त्र्याऐंशी साली तो गेला. कसा गेला विचारलं की घरचे म्हणायचे, पडला. गोजरबाईही तेच म्हणायची. आमच्या धंद्यात हा शब्द फार सोयीचा आहे. माणसं पडतातच. पडला म्हटलं की ऐकणारा चुकचुकतो आणि पुढे काही विचारत नाही.

आता नाथाची गोष्ट. ती एक्क्याण्णव सालच्या दसऱ्याची आहे.

चिखलोलीच्या बाजूला एका शेठच्या दोन इमारती चढत होत्या. हिंदुराव तिथला मुकादम, साताऱ्याकडचा, मिशा राखलेला, तोंडाचा फाटका. नाथा त्याच्याकडचा सगळ्यात चांगला गवंडी. नाथाच्या प्लास्टरवरून हात फिरवावा तर वाटावं, माणसानं चेहऱ्याला लावायचं ते भिंतीला लावलंय. पण त्या पावसाळ्यात हिंदुरावाच्याच खरवईच्या साइटवर नाथाचा धाकटा भाऊ अंकुश परांचीवरून खाली आला आणि गेला. खरंच पडला तो, फळी ओली होती. त्या सकाळी त्याला वर चढ म्हणून नाथानंच सांगितलं होतं.

तेव्हापासून नाथा कामावर यायचा, भिंत बांधायचा, निघून जायचा. दारू वाढली. झोप गेली. डबा उघडायचा आणि तसाच बंद करायचा. सगळे म्हणायचे, दुःख आहे, सहा-आठ महिन्यांत विसरेल. मग नवरात्रात अचानक गडी हलका झाला. लोकांशी हसून बोलायला लागला. सगळ्यांना बरं वाटलं, की चला, सावरला!

खंडेनवमीला साइटवर हत्यारांची पूजा असते. थाप्या, काटकोन बघायचे गुणिये, भिंत सरळ बघायचे ओळंबे, पहारी धुऊन पुसून ओळीनं मांडायच्या, झेंडूची फुलं वाहायची, नारळ फोडायचा. प्रत्येकाची हत्यारं वेगळी आणि प्रत्येकाला दुसऱ्याची ओळखता येतात. गवंडी बायकोला माहेरी पाठवेल, पण ओळंबा दुसऱ्याला देणार नाही. त्या दिवशी नाथाचा ओळंबा शेजारच्या गवंड्याच्या, हरिचंद्राच्या हत्यारांत दिसला. पितळी, त्याच्या बापाच्या वेळचा. थापी दुसऱ्या कुणाच्या, गुणिया तिसऱ्याच्या. नाथाची जागा रिकामी.

"काय रे, हे कसं काय?" हिंदुरावानं विचारलं.

"दिलं वाटून," नाथा हसत म्हणाला. "मी आता जाणार."

बस्स. एवढ्यावर आमच्या लोकांनी काय ताडलं असेल? दुबई! त्या वर्षी गल्फचं वारं होतं. कॅम्पात एजंट गल्लीगल्लीत बसले होते, आणि तिकडे कंपनी हत्यारं देते, इथली न्यायची गरज नाही, हे सगळ्यांना पाठ. हरिचंद्र ओरडला, "अरे नाथा दुबईला चालला!" झालं. नाथानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. नुसता हसत राहिला.

"छुपा रुस्तम निकला साला!"

"आम्हाला पण बोलाव रे. शेखाच्या बंगल्याला प्लास्टर मारू."

"येताना टेप घेऊन ये, डबल कॅसेटवाला!"

हिंदुरावानं तिथल्या तिथं टोपी-टॉवेल मागवलं. पूजेतलाच एक नारळ उचलला, नाथाच्या हातात ठेवला, त्याला मधोमध उभा केला. सगळे टाळ्या वाजवताहेत. एका माणसानं आतल्या आत स्वतःचा निरोप घेतला होता, आणि आमची माणसं प्रेमानं, मनापासून, त्या निरोपाला हार घालत होती. मीही तिथं होतो. संघटनेच्या सभेचं सांगायला आलो होतो आणि पेढा खात उभा होतो.

गोजरबाई गर्दीतून पुढे आली. तिनं हरिचंद्राच्या हत्यारांतला तो ओळंबा उचलला, बघितला, परत ठेवला.

"नाथा, पासपोर्ट कुटं काढलास?"

नाथा हातातल्या नारळाची शेंडी सोलायला लागला.

"एजंट कोन?"

"मावशे, तू काय पोलिस आहेस काय?" हिंदुराव हसला. "जाऊ दे की त्याला, नशीब उघडलंय."

"तू थांब, मिशीवाल्या." तिनं नाथाच्या हातातला नारळ काढून घेतला. "सन असला तरी भिताडाला पानी मारावंच लागतंय. चल माझ्यासंगं खाली. लीडर, तुमी बी चला, मोटर चालू करा."

मला ती लीडर म्हणायची. त्यात मान किती आणि चिमटा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नवीन बांधकामाला रोज पाणी मारावं लागतं, सण असो, सुतक असो. सगळ्यात हलकं काम, एकट्या म्हाताऱ्या माणसाला देतात. तिनं मुद्दाम तळमजला निवडला. मी मोटर चालू करून पिंपाजवळ उभा राहिलो. तिनं पाइप नाथाच्या हातात दिला आणि मागून स्वतः धरला. दोघांनी अर्धी भिंत भिजवली.

मग तिनं विचारलं. आवाज चढवला नाही, उतरवलाही नाही. मीठ आहे का घरात, असं विचारावं तसं विचारलं.

"नाथा, जीव द्यायचं मनात हाय व्हय रं तुज्या?"

सणाचा दिवस, आणि हा प्रश्न! आमच्यात असं तोंडातून काढत नाहीत. काढलं की घडतं म्हणतात. नाथाच्या हातातला पाइप हलला, पाणी भिंत सोडून भलतीकडं गेलं.

"काय बी काय बोलतीस, मावशे."

"काय बी न्हाई. सरळ इचारलंय, सरळ सांग. मी रागं भरनार न्हाई, बोंब मारनार न्हाई."

त्यानं पाइप परत भिंतीवर धरला. मग नाथा म्हणाला, "व्हय."

आणि एकदा व्हय म्हटल्यावर त्याचं सगळं बाहेर यायला लागलं. अंकुशला मीच चढवला. आईनं निरोप पाठवला, ये म्हणून, पण कुठल्या तोंडानं जाऊ. डोळा लागला की तो दिसतो. माझ्यावाचून कुणाचं अडत नाही. गोजरबाईनं त्याला एकदाही असं बोलू नये म्हटलं नाही, पोराबाळांची शपथ घातली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. नुसतं "मंग?" आणि "आन मंग?" तिचा पदर पाण्यानं भिजत होता आणि ती पाइप सोडत नव्हती.

तो थांबल्यावर ती म्हणाली, "माजा धर्मा पडला न्हाई, नाथा."

नाथानं वळून बघितलं.

"जीव दिला त्यानं. आदल्या आठवड्यात आला, म्हनला, ताई, तुला गानी आवडत्यात, हा रेडू ठेव. मी येडी, खूस झाले. त्याला श्रीखंड खाऊ घातलं. आज तुजा ओळंबा बघितला आन मला तो रेडू दिसला. आठ वर्सं झाली, मी कुनाला बोलले न्हाई. नवऱ्याला बी न्हाई. तुला पयल्यांदा सांगते."

नाथा मटकन खाली बसला आणि रडला. मी मोटर बंद करायला वळलो. खरं सांगायचं तर तोंड लपवायला वळलो.

"मोटर ऱ्हाऊ द्या चालू, लीडर," ती म्हणाली. "भिताड कोरडंय अजून."

आता कुणी लेखकराव म्हणेल, वा, भिंतीला पाणी, मनाला पाणी, काय सुंदर रूपक! रूपक गेलं खड्ड्यात. तळमजला होता, सावली होती, दोघांची तोंडं भिंतीकडं होती, हातांना काम होतं. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर तो बोलला नसता. हे तिला कळत होतं, एवढंच.

त्या दिवसापासून नाथा एकटा राहिला नाही. झोपायला गोजरबाईच्या झोपडीत, महिपतीच्या शेजारी. जवळ काही घातक राहू नये म्हणून महिपतीनं त्याची खोली आवरली. कॅम्प पाचमध्ये एका धर्मादाय दवाखान्यात मनाच्या डॉक्टर बसायच्या, सुहासिनीबाई. त्यांचा पत्ता माझ्याकडे होता, न्यायचं काम गोजरबाईचं. बाई नाथाला म्हणाल्या, हा आजार आहे, तुमचा गुन्हा नाही. गोळ्या लगेच लागू पडणार नाहीत, थोडे आठवडे जातील, दारू बंद करा आणि हे आठवडे एकटं राहू नका. गोजरबाईनं तेवढंच डोक्यात धरलं. एकटं नाही.

आणि नेमकं तेच मोडायला हिंदुराव निघाला.

नाथा कुठल्या डॉक्टरकडं जातोय हे साइटवर पसरायला वेळ लागला नाही. हिंदुरावानं गोजरबाईला गाठलं. "हे बघ मावशे, येडा माणूस मला साइटवर नको. उद्या काही केलं त्यानं, तर जेलात मी. संध्याकाळच्या एसटीत बसवतो त्याला गावाकडच्या."

"एकट्याला?"

"मग काय, वरात काढू?"

"येडा न्हाई तो. आजारी हाय. तुला मलेरिया झाला तवा कुनी एसटीत घातलं व्हतं का?"

"मलेरिया वेगळा!"

मी मध्ये तोंड घातलं, हिंदुरावाची गचांडी धरायच्या बेतात होतो. तिनं मला हातानंच मागे सारलं. "लीडर, तुमचं भांडान मालकासंगं. ह्यो आपलाच हाय." आणि निघून गेली. मला वाटलं, हरली.

त्याच दिवशी दुसऱ्या इमारतीचा स्लॅब होता. नारळ फुटला, मिक्सर धडधडायला लागला, पहिला माल खाली पडला. घमेली भरली. साखळी उभी. पहिलं घमेलं हातोहात शिडीच्या पायथ्याशी आलं. गोजरबाईनं ते घेतलं आणि शांतपणे खाली ठेवलं. शेजारचं एक रिकामं घमेलं पालथं घातलं आणि त्याच्यावर बसली. तिच्यामागे अंजना बसली. मग कौसाबाई. मग एकेक करून सगळी साखळी. डोक्यावर चुंबळ तशीच, आणि बाया पालथ्या घमेल्यांवर बसल्यात, जशा काही लग्नाच्या पंगतीला आल्यात!

वरून माणसं ओरडताहेत, माल का येत नाही? शेठ गाडीतून उतरून धावत आला. "अरे क्या हुआ? माल सूख जाएगा, बाबा! मुकादम, ये क्या तमाशा है?"

हिंदुरावाला घाम फुटला. "मावशे, ऊठ. लोकांसमोर इज्जत काढू नको."

"तुजी इज्जत न्हाई काडत. नाथा कुटं जानार न्हाई. परांचीवर चढनार न्हाई, ते मला बी मान्य. खाली पानी मारंल. पर जोडीनं. माज्यासंगं, न्हाई तर आनखी कुनासंगं. एकला न्हाई."

"धमकी देतेस मला?"

"व्हय. मग काय, आरती करू?"

बाया हसल्या. हिंदुराव हसला नाही. त्याचा आवाज एकदम खाली आला आणि तेव्हा मला त्याच्या मिशांमागचा माणूस पहिल्यांदा दिसला. "मावशे, मला भ्या वाटतंय गं. अंकुश माझ्याच साइटवर गेला. आता हा पण गेला तर मी काय करू?"

"भ्या वाटतंय तर बरंय," गोजरबाई म्हणाली. "मला बी वाटतंय. पर त्याला लांब धाडून तुजं भ्या जाईल, त्याचं दुखनं जाईल का? तिकडं गेल्यावर त्याला कोन इचारनार हाय? हितं निदान आपन हाओत."

मिक्सर फिरत होता. शेठ डोक्याला हात लावून उभा होता. हिंदुरावानं नाक पुसलं आणि ओरडला, "राहू दे त्याला! उचला घमेली!" गोजरबाई उठली, पदर खोचला आणि असा स्लॅब टाकला त्या बायांनी, की शेठनं स्वतःच्या हातानं सगळ्यांना जिलबी वाटली.

मग दिवाळी गेली, संक्रांत गेली. कुणाला वाटेल नाथा चुटकीसरशी बरा झाला. छट्. आधी झोप आली, मग भूक आली. मध्येच एखादा आठवडा असा यायचा की दाढी नाही, आंघोळ नाही. गोळ्या फेकून दिल्या एकदा, गोजरबाईनं शोधून आणल्या आणि त्याच्यासमोर उभी राहिली. पाणी मारायला जोडीनं जायची तिथं सवयच पडली. आणि मग दुसरेही तिच्या जोडीला जायला लागले, ज्यांना काही सांगायचं असेल ते. काहींना ती स्वतः विचारायची. एकानं तिला आईवरून शिवी दिली. ती म्हणाली, "बरं, शिवी दिलीस. आता उत्तर दे."

सगळे वाचले नाहीत. बदलापूरला एक गडी गेला, त्याच्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. सुतकाच्या घरी लोक कुजबुजत होते, पडला, पडला. गोजरबाई त्याच्या बायकोच्या शेजारी बसून हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुज्या घराची लाज न्हाई ही. पर पडला म्हनून लपवू नका. लपवलं की ज्याच्या मनात तसलं येतंय त्याला वाटतंय, जगात मी एकलाच." मी आयुष्यात पुष्कळ भाषणं केली. ह्या दोन वाक्यांच्या तोडीचं एकही नाही, आणि हे मी कबूल करतो म्हणजे समजा.

पुढच्या वर्षी डॉक्टरबाईंनी परवानगी दिली आणि नाथा पुन्हा परांचीवर चढला. आई येऊन राहून गेली. पण पावसाळा आला, अंकुश गेला तो महिना आला. आणि नेमकी गोजरबाई गावाला, मुलीच्या बाळंतपणासाठी करमाळ्याला. जाताना तिनं नाथाला सांगितलं होतं, मनात आलं तर कुनाला बी सांग. सांगणं सोपं आहे. कुणाला सांगणार?

त्या दुपारी मी साइटवर होतो. जेवणाची सुट्टी, सगळे डबे उघडून बसलेले. नाथा खाली उतरला आणि हरिचंद्राकडं नाही, माझ्याकडं नाही, सरळ हिंदुरावासमोर जाऊन उभा राहिला.

"मुकादम, आज बरोबर न्हाई. परत तेच यायला लागलंय मनात."

सगळ्यांच्या देखत. घास हातात तसेच राहिले. मी हिंदुरावाकडं बघत होतो. तो मिशा चाचपायला लागला.

"म्हणजे… तसलं का? म्हणजे… जीव-बीव?"

"व्हय."

हिंदुरावानं डबा बाजूला सारला आणि पोत्यावर जागा केली. "बस इथं. माझ्याजवळ." मग त्याला पुढे काय बोलावं सुचेना. "जेवलास का?" नाथानं नाही म्हणून मान हलवली. हिंदुरावानं आपली भाकरी अर्धी करून त्याला दिली. "मग? सांग की. मग काय होतंय?"

हिंदुराव उठलाच नाही तिथून. सुट्टी संपली, काम सुरू झालं, कुणी काही विचारायला आलं की हातानंच हाकलायचा. संध्याकाळी त्याला आपल्या खोलीवर घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्याबरोबर कॅम्प पाचला दवाखान्यात. बाहेरच्या बाकावर गुडघ्यावर हात ठेवून असा बसला होता, जसा काही स्वतःलाच इंजेक्शन मिळणार आहे.

गोजरबाई परत आली तेव्हा मी तिला हे सांगायला स्टेशनवरच गाठलं. डोक्यावर बोचकं, हातात बाळंतिणीकडचे डिंकाचे लाडू. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सरळ इचारलं त्यानं?"

"विचारलं. अडखळत, पण विचारलं."

"आन मंग?"

"मग बसून राहिला त्याच्याजवळ. दिवसभर. काम बुडवून."

तिनं डोक्यावरचं बोचकं सावरलं आणि चालायला लागली. आम्ही साइटवर पोचलो. नाथा वर होता, दुसऱ्या मजल्याची भिंत चढवत होता. तिला बघून त्यानं वरूनच हात केला. हिंदुराव खाली वाळूच्या ढिगाजवळ कुणावर तरी खेकसत होता. गोजरबाईनं बोचकं उतरवलं, कमरेवर हात ठेवले आणि सगळ्या चिखलोलीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"ए हिंदुराव! तुला बी इचारता येतंय, हे आदी सांगायचं न्हाई का रं मेल्या! आनखी आठ दिस ऱ्हायले असते की लेकीकडं!"